डिव्हाइस ड्रायव्हरमधले फाइल ओपन मोड: एकदाच ठरवा, सगळीकडे तेच पाळा

लिनक्सच्या एमटीडी सबसिस्टिममध्ये, म्हणजे साध्या फ्लॅश चिप हाताळणाऱ्या कोडमध्ये, बरीच वर्षं एक विसंगती होती. डिव्हाइस फाइल फक्त वाचण्यासाठी उघडून चिप मिटवायला गेलात तर कर्नल अडवायचा. त्याच डिस्क्रिप्टरवरून (उघडलेल्या फाइलसाठी मिळालेल्या क्रमांकावरून) एखादा ब्लॉक 'खराब' म्हणून नोंदवायला मात्र कुणाची आडकाठी नव्हती, आणि ही नोंद सहसा पुसता येत नाही. ब्लॉकला कुलूप लावणं-काढणंही तसंच बिनदिक्कत चालायचं. २०२० मध्ये सगळे आयओसीटीएल (रीड-राइटपलीकडच्या, डिव्हाइसला द्यायच्या खास आज्ञा) एका ठिकाणी आणून त्यांची 'सुरक्षित' आणि 'धोकादायक' अशी विभागणी झाली. कुलूप आणि खराब-ब्लॉकवाले आयओसीटीएल तेव्हाही सुरक्षितांच्या यादीत राहून गेले. २०२१ च्या दुरुस्तीत त्यांना लिहिण्याची परवानगी सक्तीची झाली.

हे फक्त एमटीडीपुरतं नाही. ओपन मोडची तपासणी कर्नलमध्ये थोडी व्हीएफएस (सगळ्या फाइलींसाठीचा कर्नलचा सामाईक थर) करतं, थोडी सबसिस्टिम करते आणि उरलेली ड्रायव्हरवर सोडलेली असते. ही उरलेली तपासणी प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने लिहितो. ती कशी लिहावी याबद्दल हा लेख आहे. उदाहरणं लिनक्सची आहेत. फ्लॅग आणि एररची नावं आपण टीममध्ये तोंडी जशी म्हणतो तशी लिहिली आहेत, आणि गोंधळ नको म्हणून एररचे आकडेही दिले आहेत.

ड्रायव्हरपर्यंत पोचण्याआधी काय घडतं

ॲक्सेस मोड म्हणजे दोन बिटांचा आकडा. ओ_रीडओन्ली म्हणजे ०, ओ_राइटओन्ली म्हणजे १, ओ_रीडराइट म्हणजे २. म्हणजे हे स्वतंत्र बिट नाहीत, आणि पहिला खड्डा इथेच आहे. ओपनच्या फ्लॅगांवर ओ_रीडओन्लीचा अँड मारून 'वाचायला उघडलं आहे का' असं विचारणारा कोड नेहमीच 'नाही' म्हणतो, कारण शून्याशी अँड म्हणजे शून्यच. ओ_राइटओन्लीचा अँड मारला तर रीड-राइट उघडलेली फाइल निसटते, कारण २ मध्ये १ चा बिट नाही. दोन्ही चुका कंपाइल होतात, वॉर्निंगही देत नाहीत.

कर्नल हा घोळ एका बेरजेत मिटवतो: फ्लॅगमध्ये १ मिळवतो आणि ३ ने मास्क करतो. ० चा होतो १, १ चा २, २ चा ३. आता पहिला बिट म्हणजे वाचणं आणि दुसरा म्हणजे लिहिणं. हेच एफमोड_रीड आणि एफमोड_राइट. फाइल स्ट्रक्चरच्या एफ_मोड या फील्डमध्ये ते बसतात आणि फाइल जिवंत असेपर्यंत बदलत नाहीत.

मग ३ दिलं तर काय? ३ अधिक १ म्हणजे ४, मास्क केल्यावर ०. डिस्क्रिप्टर मिळतो, पण वाचता येत नाही आणि लिहिताही येत नाही. परवानगी तपासताना मात्र कर्नल वाचणं आणि लिहिणं दोन्ही मागतो. ही चूक नाही. मॅन्युअल पानातही ही अप्रमाणित सोय नोंदलेली आहे: काही ड्रायव्हरांना फक्त आयओसीटीएलसाठी डिस्क्रिप्टर हवा असतो. फ्लॉपी ड्रायव्हर तिचा जुना वापरकर्ता, त्याच्याकडे पुढे येऊच. तुमचा ड्रायव्हर या चौथ्या मोडला काय उत्तर देतो, हे आत्ता माहीत नसेल तर चाचणीत ते नक्की तपासा.

याखेरीज ओ_पाथ आहे, म्हणजे आतलं काही न वाचता-लिहिता फक्त फाइलकडे बोट दाखवणारा फ्लॅग. त्याने उघडलं तर ड्रायव्हरचं ओपन फंक्शन मुळात बोलावलंच जात नाही, आणि पुढे आयओसीटीएल केला तर ईबॅडएफ (९) मिळतो. ड्रायव्हरने त्यासाठी काही करायचं नसतं.

एफ_मोड की एफ_फ्लॅग्ज

दोन्ही फील्ड फाइल स्ट्रक्चरमध्ये असतात, दोन्हींत मोड दिसतो, म्हणून लोक हाताला येईल ते वापरतात. नियम सोपा आहे. परवानगीचा प्रश्न असेल तर एफ_मोड. वागणुकीचा प्रश्न असेल (थांबायचं की लगेच परतायचं) तर एफ_फ्लॅग्ज, आणि तेही त्या क्षणी वाचायचं, जपून ठेवायचं नाही.

कारण एफ_फ्लॅग्ज बदलतात. एफसीएनटीएलच्या एफ_सेटएफएल कमांडने वापरकर्ता ओ_नॉनब्लॉक, ओ_अपेंड, ओ_डायरेक्ट यांसारखे फ्लॅग केव्हाही लावू-काढू शकतो. ओपनच्या वेळी नॉनब्लॉक होता म्हणून तो आपल्या स्ट्रक्चरमध्ये साठवलात, तर पुढे वापरकर्त्याने काढला तरी तुमचं रीड ईअगेन (११) देत राहील.

उलट दिशेचा खड्डा जास्त खोल आहे, आणि कोड वाचताना तो डोळ्यांना दिसतही नाही. ड्रायव्हरचं ओपन फंक्शन यशस्वी झालं की लगेच कर्नल एफ_फ्लॅग्जमधून चार फ्लॅग पुसतो: ओ_क्रिएट, ओ_एक्सेल, ओ_नोसीटीटीवाय आणि ओ_ट्रंक. म्हणजे ओपनमध्ये ओ_एक्सेल दिसतो, पण रीडमध्ये किंवा रिलीजमध्ये (फाइल शेवटी सुटताना बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये) दिसत नाही. आता हा कोड डोळ्यासमोर आणा: ओपनमध्ये 'ओ_एक्सेल असेल तर डिव्हाइस राखीव कर', रिलीजमध्ये 'ओ_एक्सेल असेल तर राखीवपणा सोड'. दिसायला अगदी सममित. प्रत्यक्षात पहिला प्रोग्राम राखीव करून बाहेर पडतो, रिलीजमधली अट कधीच खरी होत नाही, आणि पुढच्या प्रत्येकाला मॉड्यूल पुन्हा लोड होईपर्यंत ईबिझी (१६) मिळत राहतो. 'हा डिस्क्रिप्टर राखीव आहे' ही नोंद ड्रायव्हरने स्वतःच्या प्रायव्हेट डेटामध्येच ठेवायला हवी.

एफमोड_राइटबाबत ही भीती नाही. 'लिहिणारे किती' ही मोजणी ओपनमध्ये एफ_मोड पाहून वाढवली आणि रिलीजमध्ये तोच एफ_मोड पाहून कमी केली, तर हिशेब जुळतो. एक पथ्य मात्र पाळायचं: एफ_मोडमध्ये स्वतःहून राइटचा बिट चढवायचा नाही. ड्रायव्हरला सीकचे बिट काढण्याची मुभा आहे, आणि त्यासाठी नॉनसीकेबल_ओपन व स्ट्रीम_ओपन ही तयार फंक्शनं आहेत. त्यांपलीकडे हात घालू नये.

स्ट्रीम_ओपनबद्दल दोन वाक्यं. २०१४ मध्ये, ३.१४ आवृत्तीपासून, रीड आणि राइट दोन्ही फाइलच्या पोझिशनचं कुलूप घेऊ लागले. त्यामुळे एका थ्रेडमध्ये रीड अडकून बसला असेल तर त्याच डिस्क्रिप्टरवरचा राइट कायमचा लटकायचा. २०१९ मध्ये स्ट्रीम_ओपन आलं ते याच रोगावर. तुमच्या डिव्हाइसला 'पोझिशन' ही कल्पनाच लागू नसेल आणि ते रीड-राइट उघडलं जात असेल, तर ओपनमध्ये हेच बोलवा.

कोड लिहिण्याआधी तक्ता

समजा आपल्याकडे एका छोट्या बोर्डाचा कॅरेक्टर ड्रायव्हर आहे. रीड केलं की सेन्सरचं रीडिंग मिळतं, राइट केलं की रिले चालू-बंद होतात. आयओसीटीएल पाच आहेत: स्थिती वाचणं, कॅलिब्रेशन लिहिणं, बोर्ड रीसेट करणं, पल्स-काउंटर वाचणं, आणि पल्स-काउंटर वाचून लगेच शून्य करणं.

कागद घ्या आणि प्रत्येक कृतीपुढे लिहा: हिला वाचण्याचा मोड हवा, लिहिण्याचा हवा, की कुठलाही चालेल? कसोटी एकच: ही कृती केल्यावर दुसऱ्या वापरकर्त्याला दिसणारं काही बदलतं का? बदलत असेल तर लिहिण्याचा मोड हवा. रीसेटमध्ये एकही बाइट यूजरस्पेसमधून येत नाही, तरी तो 'लिहिणं' आहे. 'वाचून शून्य कर' यात डेटा बाहेर येतो, आत काही जात नाही, तरी तेही लिहिणंच, कारण दुसऱ्या मॉनिटरिंग प्रोग्रामचा काउंटर त्यामुळे उडतो.

या शेवटच्या उदाहरणावर थोडं थांबू. आयओसीटीएलचा क्रमांक बनवताना दिशा सांगणारे मॅक्रो वापरतात: डेटा कर्नलकडून बाहेर येत असेल तर _आयओआर, आत जात असेल तर _आयओडब्ल्यू. 'वाचून शून्य कर' याचा क्रमांक नियमाने _आयओआरने बनतो. मग रिव्ह्यूमध्ये कुणीतरी सुचवतो की दिशेचे बिट पाहूनच परवानगी ठरवू, वेगळा तक्ता कशाला? ते करू नका. ते बिट फक्त बफर कुठल्या दिशेने कॉपी होतो एवढंच सांगतात, आणि लिनक्सचं व्हीएफएस त्यांवरून कुठलीही परवानगी तपासत नाही. विंडोजमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे कंट्रोल कोडमध्येच 'या कमांडला वाचण्याचा किंवा लिहिण्याचा ॲक्सेस हवा' असे बिट असतात, आणि ड्रायव्हरकडे विनंती पोचण्याआधीच आय-ओ मॅनेजर हँडलशी ताळा करून बघतो. विंडोजवरून आलेले लोक लिनक्समध्येही तेच गृहीत धरतात. आकड्यांची रचना सारखी दिसते, पण अर्थ निराळा आहे.

'आम्ही रूट आहे का ते तपासतो, मग मोड कशाला?' हा दुसरा नेहमीचा युक्तिवाद. कॅपेबल तपासणी (विशेष अधिकार आहे का ते पाहणारी) सांगते की आत्ता बोलावणारा कोण आहे. एफ_मोड सांगतो की उघडताना काय ठरलं होतं. अधिकार असलेली सेवा डिव्हाइस फक्त वाचण्यासाठी उघडते आणि डिस्क्रिप्टर युनिक्स सॉकेटवरून एखाद्या साध्या प्रोग्रामला देते, ही आज सर्रास वापरली जाणारी रचना आहे. तिथे 'फक्त वाचण्यासाठी' या शब्दांना अर्थ उरतो तो ड्रायव्हर मोड पाळतो म्हणूनच. दोन्ही तपासण्या लागतील तिथे दोन्ही करा. एक असली म्हणून दुसरी गाळता येत नाही.

ओपन फंक्शनमधला क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण ओपन अपयशी ठरलं तर रिलीज बोलावलं जात नाही. जे उघडलं, वाढवलं, चालू केलं ते सगळं तिथल्या तिथे उलटं करावं लागतं. म्हणून स्वस्त आणि दुष्परिणाम नसलेल्या तपासण्या आधी, महाग गोष्टी शेवटी.

सगळ्यात आधी डिव्हाइस अजून जागेवर आहे का ते पाहा. यूएसबी बोर्ड असेल तर फाइल उघडणं आणि केबल उपसणं यांची शर्यत असते. नसेल तर ईनोडेव्ह (१९).

मग मोड आणि हार्डवेअर यांचा मेळ. बोर्डावर राइट-प्रोटेक्टचा जंपर असेल आणि मोडमध्ये राइट असेल, तर इथेच नकार द्या. उघडू देऊन पहिल्या राइटला नकार देणं वाईट, कारण बरेच प्रोग्राम ओपनचा निकाल तपासतात आणि राइटचा तपासत नाहीत. नकाराचा एरर कुठला, यावर कर्नलमध्येच एकमत नाही. एससीएसआय डिस्कचा ड्रायव्हर आणि एमएमसी कार्डाचा ड्रायव्हर ईआरओएफएस (३०) देतात. एमटीडी मात्र ईअ‍ॅक्सेस (१३) देतं. त्याची तर प्रत्येक चिपसाठी दोन डिव्हाइस फाइल असतात, सम मायनर क्रमांकाची लिहिता येणारी आणि विषम क्रमांकाची फक्त वाचायची, आणि विषमवर राइट मागितलं की नकार. माझं मत: तुमच्या सबसिस्टिमची प्रथा असेल तर निमूटपणे ती पाळा. नसेल तर माध्यमच लिहिण्यायोग्य नाही तेव्हा ईआरओएफएस, आणि या फाइलमधून लिहिण्याची मुभा नाही तेव्हा ईअ‍ॅक्सेस.

तिसरी पायरी, एकाच वेळी किती जण. आपल्या बोर्डासाठी 'वाचणारे कितीही, लिहिणारा एकच' हे योग्य. म्यूटेक्स घ्या. राइटचा बिट असेल आणि लिहिणारा आधीच असेल तर ईबिझी, नाहीतर मोजणी वाढवा. आरटीसी आणि वॉचडॉग यांचे ड्रायव्हर याहून कडक आहेत: कुठल्याही मोडमध्ये एकाच वेळी एकच उघडणारा, दुसऱ्याला ईबिझी.

ओ_एक्सेलला काय अर्थ द्यायचा हा मात्र खरोखर डोकेदुखीचा विषय आहे, कारण तो सबसिस्टिमगणिक बदलतो. ब्लॉक डिव्हाइसवर ओ_क्रिएटशिवाय ओ_एक्सेल दिला तर 'दुसरं कुणी राखून ठेवलं नसेल तरच दे' असा अर्थ होतो, आणि डिस्क माउंट असेल तर ईबिझी. एससीएसआय जेनेरिक ड्रायव्हरमध्ये तो खराखुरा राखीवपणा आहे, दुसरा कुणी असेल तर ओपन वाट बघत थांबतं आणि नॉनब्लॉक दिला असेल तर ईबिझी देतं. शिवाय फक्त वाचण्यासाठी उघडून ओ_एक्सेल मागितला तर तो ईपर्म (१) म्हणतो: वाचणाऱ्याने सगळ्यांना अडवून ठेवणं त्याला मान्य नाही. हा बारकावा मला फार आवडतो. ग्राफिक्सच्या डीआरएममध्ये उलटं, ओ_एक्सेल दिसला की सरळ ईबिझी. नव्या ड्रायव्हरला राखीवपणा लागत नसेल तर ओ_एक्सेलकडे दुर्लक्षच करा. लागत असेल तर एससीएसआय जेनेरिकचा नमुना घ्या.

शेवटी वीज, क्लॉक, इंटरप्ट. इथे काही फसलं तर मघाची मोजणी कमी करायला विसरू नका. एरर-पाथमध्ये राहून गेलेली मोजणी हा ओपन फंक्शनमधला नेहमीचा बग.

रिलीजबद्दल एकच सांगतो. ते प्रत्येक क्लोजला बोलावलं जात नाही, त्या फाइल स्ट्रक्चरचा शेवटचा संदर्भ सुटतो तेव्हा बोलावलं जातं. फोर्क किंवा डुप केल्यावर दोन डिस्क्रिप्टर एकाच स्ट्रक्चरकडे बोट दाखवतात आणि ओपन एकदाच झालेलं असतं. म्हणून मोजणी प्रोसेस आयडीवर बेतू नका. फ्रीबीएसडीत काम करणाऱ्यांसाठी: तिथे साधारणपणे ड्रायव्हरचं क्लोज फंक्शन डिव्हाइसच्या शेवटच्या क्लोजला येतं, प्रत्येक क्लोज हवा असेल तर वेगळा फ्लॅग लावावा लागतो. दोन्हीकडे चालणारा ड्रायव्हर लिहिताना ही मोजणी जशीच्या तशी उचलता येत नाही.

आयओसीटीएल: एक दार, एक यादी

रीड आणि राइट यांची काळजी व्हीएफएस घेतं. एफमोड_रीड नसताना रीड केलं तर ड्रायव्हरपर्यंत येण्याआधीच ईबॅडएफ मिळतो, राइटचंही तसंच. त्यामुळे रीड फंक्शनच्या सुरुवातीला मोड तपासणारा कोड दिसला तर तो खुशाल काढून टाका. आयओसीटीएलला मात्र असं कुठलंही संरक्षण नाही. व्हीएफएस कमांड जशीच्या तशी ड्रायव्हरच्या हातात देतं.

तपासणी प्रत्येक केसमध्ये विखरून लिहिली की पुढे वाढवलेल्या सहाव्या आयओसीटीएलमध्ये ती राहून जाते. एमटीडीत आता जी रचना आहे ती उचलण्यासारखी आहे. कमांड प्रत्यक्ष हाताळण्याआधी फक्त परवानगीसाठी एक वेगळा स्विच:

    कमांड कुठली?
      स्थिती_वाच, काउंटर_वाच:
          पुढे जाऊ द्या
      कॅलिब्रेशन_लिही, बोर्ड_रीसेट, काउंटर_वाचून_शून्य:
          एफ_मोडमध्ये एफमोड_राइट नसेल तर −ईबॅडएफ
      यांपैकी काहीही नाही:
          −ईनॉटटीवाय

खरी गंमत शेवटच्या ओळीत आहे. नवी कमांड कुणी खालच्या स्विचमध्ये घातली आणि वरच्या यादीत घालायला विसरला, तर ती चालतच नाही, लगेच ईनॉटटीवाय (२५). मग लिहिणाऱ्याला वर जाऊन ठरवावंच लागतं की ही कुठल्या रांगेतली.

एरर कुठला? एमटीडी ईपर्म देतं. मी नव्या कोडमध्ये ईबॅडएफ पसंत करतो, कारण चुकीच्या मोडमध्ये रीड-राइट केल्यावर वापरकर्त्याला तोच मिळतो, आणि ईपर्म पाहिलं की लोक सुडो लावून बघतात, जे इथे कामाचं नाही. रूटने फक्त वाचायला उघडलेली फाइलही फक्त वाचायचीच असते.

३२-बिट प्रोग्रामसाठी वेगळं कम्पॅट फंक्शन असेल तर तेही याच दारातून आलं पाहिजे. परवानगीचा स्विच वेगळ्या फंक्शनमध्ये काढा आणि दोन्हीकडून तेच बोलवा. ३२-बिट वाटेने तपासणी चुकवता येणं हा बग शोधायला सोपा आणि सापडला की लाजिरवाणा.

एममॅप

एममॅप म्हणजे फाइल थेट प्रोग्रामच्या मेमरीत मांडून वापरणं. इथे कर्नल बरंच करतो. वाचण्याचा मोड नसेल तर मॅपिंगच मिळत नाही, ईअ‍ॅक्सेस. म्हणजे फक्त लिहिण्यासाठी उघडलेल्या फाइलचं एममॅप होत नाही. शेअर्ड मॅपिंग लिहिण्यायोग्य मागितलं आणि राइटचा बिट नसेल तरीही ईअ‍ॅक्सेस. राइटचा बिट नसताना फक्त वाचायचं शेअर्ड मॅपिंग मागितलं, तर कर्नल व्हीएम_मेराइट ('पुढे लिहिण्यायोग्य करता येईल' असं सांगणारा फ्लॅग) काढून टाकतो, म्हणून नंतर एमप्रोटेक्टने (मॅपिंगची परवानगी बदलणाऱ्या कॉलने) ते लिहिण्यायोग्य करता येत नाही.

ड्रायव्हरचं काम उरतं ते एकाच प्रसंगात: फाइल रीड-राइट उघडली आहे, पण हा विशिष्ट रजिस्टरांचा तुकडा कुणीच लिहू नये. तेव्हा लिहिण्यायोग्य मॅपिंगला नकार द्या आणि व्हीएम_मेराइट स्वतः काढा. फक्त नकार देऊन थांबलात तर वापरकर्ता आधी वाचायचं मॅपिंग घेतो आणि मग एमप्रोटेक्ट करतो. ६.३ पासून हे फ्लॅग थेट बदलायचे नाहीत, त्यासाठी व्हीएम_फ्लॅग्ज_क्लिअर हे मदतनीस फंक्शन आहे.

ब्लॉक ड्रायव्हर

ब्लॉक ड्रायव्हरला फाइल स्ट्रक्चर दिसतच नाही. २००८ मध्ये, २.६.२८ च्या सुमारास, त्यांच्या ओपन फंक्शनमधून इनोड आणि फाइल काढून ब्लॉक डिव्हाइस आणि मोड एवढंच देणं सुरू झालं. कारण उघडणारा दर वेळी यूजरस्पेसच असतो असं नाही, फाइलसिस्टिम किंवा डिव्हाइस मॅपर आतूनच उघडतो आणि तेव्हा खरी फाइल नसते. पण मोडचे बिट फाइलचेच उसने घेतलेले होते. २०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत ब्लॉकसाठी वेगळा प्रकार आला, बीएलके_मोड, त्याचे स्वतःचे बिट: बीएलके_ओपन_रीड, राइट, एक्सेल, एनडिले आणि राइट_आयओसीटीएल. ओपनला आता जेनडिस्क (डिस्कचं कर्नलमधलं स्ट्रक्चर) आणि हा मोड मिळतो, रिलीजला फक्त जेनडिस्क. म्हणजे रिलीजमध्ये मोड पाहून काही करायची सोयच उरली नाही. जुन्या आणि नव्या कर्नलवर चालणारा बाहेरचा मॉड्यूल सांभाळत असाल तर मोड तपासणारा सगळा कोड एका छोट्या फंक्शनमागे झाका, नाहीतर आवृत्तीच्या अटी फाइलभर पसरतील.

एनडिलेचा (नॉनब्लॉकच्याच बिटाचं दुसरं नाव) इथला अर्थ 'माध्यम नसलं तरी उघड' असा आहे. सीडी ड्राइव्हमध्ये डिस्क नसताना ट्रे बाहेर काढण्याची किंवा आत ओढून घेण्याची आज्ञा द्यायची तर आधी फाइल उघडावी लागते, म्हणून. काढता येणाऱ्या एससीएसआय डिस्कचा ड्रायव्हर एनडिले नसेल तर ईनोमीडियम (१२३) देतो, असेल तर उघडू देतो. कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये नॉनब्लॉक म्हणजे 'थांबू नको'. सीरियल पोर्टवर तर ओपनच कॅरिअर सिग्नलची वाट बघत थांबू शकतं, नॉनब्लॉक दिला की थांबत नाही. ऑडिओच्या पीसीएम डिव्हाइसमध्ये जागा रिकामी होईपर्यंत ओपन रांगेत उभं राहतं आणि नॉनब्लॉक असेल तर ईबिझी. फ्लॅगचा बिट तोच, अर्थ तीन. तुमचा अर्थ कुठला ते ड्रायव्हरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एका वाक्यात लिहा.

एकावर एक रचलेले ड्रायव्हर असतील तर दोन मोडांचा छेद घ्यावा लागतो. लूप ड्रायव्हर (साधी फाइल डिस्कसारखी वापरू देणारा) हे नीट करतो: मागची फाइल लिहिण्यासाठी उघडलेली नसेल, किंवा लूप डिव्हाइसच लिहिण्यासाठी उघडलेलं नसेल, तर लूप आपोआप रीड-ओन्ली.

जुना ड्रायव्हर सुधारताना

नवा ड्रायव्हर शिस्तीत लिहिणं तसं सोपं. जुन्याला शिस्त लावणं धोक्याचं, आणि फ्लॉपीइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. त्या ड्रायव्हरमधली ओपनच्या फ्लॅगांची हाताळणी एकदा नीटनेटकी केली गेली, २०१६ मध्ये मागे घ्यावी लागली, २०२१ च्या सुरुवातीला पुन्हा घातली आणि त्याच वर्षी पुन्हा मागे घेतली. कारण एफडीयूटिल्ससारखी साधनं याच सैलपणावर चालत होती: ड्राइव्हमध्ये फ्लॉपी नाही, किंवा आहे पण तिच्यावर राइट-प्रोटेक्ट आहे, तरी एनडिले देऊन उघडायचं आणि मग आयओसीटीएलने चाचपणी करायची. ती वागणूक कुणी कधी आश्वासन म्हणून लिहून दिली नव्हती. तरी ती मोडली की यूजरस्पेस मोडतं, आणि कर्नलमध्ये तिथे चर्चा संपते.

म्हणून मी असा क्रम धरतो. आधी नकार न देता फक्त नोंद: जिथे नवा नियम अडवणार आहे तिथे प्रोसेसच्या नावासकट एकदाच छापणारी वॉर्निंग घाला आणि ती एका कर्नल आवृत्तीभर राहू द्या. मग जी कमांड हार्डवेअरला कायमची इजा करू शकते तिथे आधी सक्ती आणा, बाकीच्या नंतर. प्रत्येक सक्ती वेगळ्या पॅचमध्ये ठेवा, म्हणजे एक मागे घ्यावी लागली तर सगळं उलटावं लागत नाही. रिफॅक्टरिंग आणि वागणुकीतला बदल एकाच पॅचमध्ये कधीच नको.

डिस्ट्रोच्या युडेव्ह नियमांकडेही (डिव्हाइस फाइलींच्या परवानग्या ठरवणाऱ्या) नजर टाका. डिव्हाइस फाइलवर गटाला वाचणं-लिहिणं दोन्ही दिलेलं असेल, तर रीड-ओन्ली डिस्क्रिप्टर मिळालेला प्रोग्राम प्रॉक फाइलसिस्टिममधल्या आपल्याच डिस्क्रिप्टरच्या वाटेने तीच फाइल लिहिण्यासाठी पुन्हा उघडू शकतो. तेव्हा परवानगी नव्याने तपासली जाते आणि फाइलचा मोड सैल असेल तर ती मिळते.

तपासणी

छोटा सी प्रोग्राम लिहा: बाहेरच्या लूपमध्ये ०, १, २, ३ हे चार मोड, आतल्या लूपमध्ये रीड, राइट, वाचायचं एममॅप, लिहायचं एममॅप आणि प्रत्येक आयओसीटीएल. प्रत्येक जोडीचा एरर छापा आणि मघाच्या कागदी तक्त्याशी ताडून बघा. मग तोच प्रोग्राम ३२-बिट बांधून पुन्हा चालवा. दोन्हींच्या आउटपुटमध्ये एका अक्षराचाही फरक नको. राखीवपणा असेल तर आणखी एक फेरी: ओ_एक्सेलने उघडा, फोर्क करा, पालकाने बंद करावं, आणि मूल जिवंत असताना तिसऱ्याने नॉनब्लॉक देऊन उघडून बघावं. ईबिझी यायला हवा. मूल संपल्यावर मात्र उघडायला हवं.

चालू असलेल्या प्रोग्रामने फाइल कशी उघडली आहे हे पाहायचं तर प्रॉकमधल्या त्या प्रोसेसच्या एफडीइन्फो फोल्डरमध्ये डिस्क्रिप्टरच्या क्रमांकाची फाइल वाचा. फ्लॅग्ज ही ओळ ऑक्टलमध्ये असते. ६४-बिट एक्स८६ मशीनवर ०१००००२ दिसलं तर शेवटचे २ म्हणजे रीड-राइट, आणि पुढचा १ हा लार्जफाइलचा बिट, जो कर्नल आपणहून लावतो. ०१०४००२ असेल तर नॉनब्लॉकही आहे.

शेलमधून पटकन बघायचं असेल तर बॅशमध्ये < ने उघडलं की फक्त वाचणं, > ने फक्त लिहिणं, <> ने दोन्ही. पण > आणि <> सोबत ओ_क्रिएट जातो. मॉड्यूल लोड झालेलं नसताना रूट म्हणून हे केलंत तर डेव्ह फोल्डरमध्ये त्या नावाची एक साधी फाइल तयार होते, प्रत्येक राइट यशस्वी होतो, आणि बोर्डावरचा एकही रिले हलत नाही. चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळीला ती कॅरेक्टर डिव्हाइसच आहे ना, हे टेस्टच्या सी पर्यायाने तपासून घ्या.